सडका कांदा ओळखायला सातेरी माश्यांना शिकवताना : गच्चीवरच्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

मंचरच्या अलीकडे माझ्या मामांची कांदा चाळ आहे. एप्रिलअखेर गावरान कांदा भरला की दिवाळीपर्यंत तो टिकवायचा आणि भाव बघून काढायचा. दरवर्षी पावसाळ्यात तेच होतं, वरून कांदा चकचकीत दिसतो आणि आत कुठेतरी एक कांदा पाणी सोडतो, ते पाणी खालच्यांवर झिरपतं आणि आठ-दहा दिवसांत तिथे टोपलीभर लगदा झालेला असतो. वास बाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो आणि वास आला तरी नेमकी जागा कळत नाही, मग मजूर लावून अख्खी पाखी (चाळीतली कांद्याची रांग) उपसायची. गेल्या वर्षी मामी म्हणाल्या, "अगं तुझ्या माश्यांना एवढं नाक आहे म्हणतेस ना, मग त्यांनाच विचार की कुठे सडलंय ते." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

माझ्याकडे वारज्याला गच्चीवर सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) दोन पेट्या आहेत. मधमाशीपालन मी गणेशखिंड रोडच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकले (ही संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, ज्यांना शिकायचंय त्यांनी तिथूनच सुरुवात करा). माश्यांना वास शिकवायचं काम जगात बरंच झालंय. क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठात निकोला केझिच यांच्या टीमने साखरेशी टीएनटी या स्फोटकाचा वास जोडून सुरुंग शोधायला माश्या तयार केल्या, अमेरिकेत मॉन्टानात जेरी ब्रोमेनशेंक यांनी तेच केलं. पण त्या मोकळ्या उडणाऱ्या माश्या, त्या कुठे जमतात ते मोठ्या रिकाम्या मैदानावर बघावं लागतं. चाळीत कांद्याच्या ढिगाच्या आत माशी शिरणार नाही आणि माझ्या हाती परतही यायची नाही.

दुसरी पद्धत बांधलेल्या माशीची. माशी नळीत, फक्त डोकं बाहेर. तिच्या मिशीला साखरपाणी लागलं की ती आपोआप सोंड बाहेर काढते. आधी वास द्यायचा, लगेच साखर, असं काही वेळा केलं की नुसत्या वासाला सोंड येते. १९६१ मध्ये जपानच्या ताकेदांनी हे दाखवलं आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने स्फोटकांसाठी अशाच नळीतल्या माश्या वापरल्या. मी हीच पद्धत धरतेय. लेकीने विचारलं मुंग्या का नाही, कारण २०२२ मध्ये फ्रान्समधल्या लोकांनी मुंग्यांना तीन वेळात कॅन्सरच्या पेशींचा वास शिकवला होता. खरंय, पण मला माश्या हाताळता येतात, मुंग्या नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खरेदी. मेडिकलमधून १ मिलीच्या सिरिंज, कागदी सर्जिकल टेप, दुधाच्या दुकानातून बर्फ. घरात स्ट्रॉ होत्याच. साखरपाणी केलं, ५० ग्रॅम साखर आणि पाणी घालून एकूण १०० मिली. फार काही लागत नाही असं वाटलं, ते चूक होतं, पुढे दिसेलच.

१० ऑगस्ट, रविवार

पहिली खेप पूर्ण वाया. पेटीच्या दारातून दहा माश्या काचेच्या छोट्या बाटल्यांत घेतल्या आणि गार होऊन शांत व्हाव्यात म्हणून फ्रीजरमध्ये ठेवल्या. तेवढ्यात फोन आला आणि आठ मिनिटं गेली. तीन उठल्याच नाहीत. बाकीच्या उठल्या पण झिंगल्यासारख्या, मिशीला साखर लावली तर सातपैकी एकीने सोंड काढली. माश्यांना इतका गारठा लागला की त्या दिवशी त्या काही शिकत नाहीत. मला फार वाईट वाटलं, नुसती घाई आणि निष्काळजीपणा.

नळीचंही चुकलं. लोक ६-७ मिलीमीटरच्या नळ्या वापरतात पण त्या मेलिफेरासाठी (परदेशी मधमाशीसाठी), सातेरी लहान असते. स्ट्रॉमध्ये ती फिरून उलटी झाली आणि मागून बाहेर. टेप म्हणून मी वायरिंगची काळी पट्टी वापरली होती, तिचा डिंक पंखांना लागला आणि त्या पट्टीला स्वतःचाच उग्र वास. वास शिकवायच्या कामात वासाची टेप.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आता बसलं. करून बघणाऱ्यांसाठी नीट लिहिते.

बर्फ आणि पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवायची आणि नजर तिथेच ठेवायची, हालचाल थांबली की लगेच बाहेर. सातेरीला मला दोन ते तीन मिनिटं लागतात. १ मिलीच्या सिरिंजची नळी अडीच सेंटीमीटरचे तुकडे करून कापायची, कडा लायटरने नाही तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या (लायटरने जळका वास राहतो). माशी शेपटीकडून आत सरकवायची, डोकं बाहेर, मग कागदी टेपची दोन मिलीमीटरची पट्टी डोकं आणि छातीच्या मधे मानेवरून आडवी. पट्टी पुढे गेली की मिशा अडकतात, मागे गेली की माशी हळूहळू पुढे येत पुढचे पाय बाहेर काढते आणि सोडवून घेते. पाचपैकी एक तरी पहिल्यांदा चुकतेच.

मग एकेकीला साखरपाण्याचा एक छोटा थेंब आणि तीन तास अंधाऱ्या, फार गरम नाही अशा जागी. त्या भुकेल्या पाहिजेत. तीन तासांनी दोन्ही मिशांना टूथपिकने साखर लावायची पण प्यायला द्यायची नाही, सोंड पूर्ण काढत नसेल ती माशी बाजूला.

अजून एक. फुलांच्या दुष्काळाचे दिवस असल्याने मी पेट्यांना संध्याकाळी पाक देते. आदल्या संध्याकाळी पाक दिला की सकाळच्या माश्या भरलेल्या असतात, साखरेकडे ढुंकूनही बघत नाहीत. आता खेपेच्या आदल्या दिवशी पाक देत नाही आणि पायाला पराग घेऊन येणाऱ्याच माश्या पकडते, त्या साखरेला जास्त चटकन प्रतिसाद देतात.

सरावासाठी लवंगेचं तेल घेतलं. सिरिंजमध्ये तेल लावलेला कापूस, हाताने चार सेकंद हवा सोडायची, तिसऱ्या सेकंदाला मिशीला साखर, सोंड आली की चाटू द्यायचं, संपलं. दहा माश्या, प्रत्येकीला एक मिनिट, म्हणजे फेरी संपून पहिलीकडे परत येईपर्यंत दहा मिनिटं होतात. ही दहा मिनिटं लागतातच, पाठोपाठ दिलं तर नीट पक्कं होत नाही. दहा माश्यांची खेप त्यामुळे एकट्या माणसाला बरोबर पडते.

तिसऱ्या फेरीत चार नंबरची माशी, मी हवा सोडली आणि साखर अजून माझ्या हातातच होती. आधी मिशा पुढे आल्या, दोन्ही एकदम सिरिंजच्या दिशेला, मग जबडे उघडले आणि तांबूस चकचकीत सोंड घडी उलगडल्यासारखी खाली आली आणि हवेतच चाटायला लागली, काही नसताना. मी किती वेळ तशीच बघत बसले. तिला पुढचं कळलं होतं.

संध्याकाळी उत्साहात रिकाम्या सिरिंजने हवा सोडून बघितली. दहापैकी सात माश्यांनी सोंड काढली. त्या लवंग शिकल्याच नव्हत्या, त्या हवेचा झोत शिकल्या होत्या.

१७ ऑगस्ट, रविवार

तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन खरेदी. ॲक्वेरियमचा पंप, दोन छोटे व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह वेळेवर चालू-बंद करायला आर्डुइनोचा स्वस्तातला बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट) आणि रिले, कॉम्प्युटरचा पंखा. सगळं बदललं.

आता पंपाची हवा आधी कोळशाच्या गाळणीतून जाते आणि माशीवर सतत हलकी वाहत राहते. एरवी ती रिकाम्या बरणीतून जाते आणि वास द्यायचा असेल तेव्हा व्हॉल्व्ह तीच हवा चार सेकंद वासाच्या बरणीतून वळवतो. म्हणजे झोत तोच, फक्त वास बदलतो. माशीच्या मागे पंखा उलटा लावलाय, तो वास ओढून खिडकीबाहेर टाकतो, नाहीतर खोलीत वास साचतो आणि सगळ्या माश्यांना सगळा वेळ वास येत राहतो. वास सुरू करायच्या आधी माशीला पंधरा सेकंद नुसत्या हवेत बसू द्यायचं.

व्हॉल्व्ह टेबलावर होते, उघडताना टकटक होते आणि टेबल थरथरतं, ते माशीला पायातून कळतं. वेगळ्या स्टुलावर फोम घालून ठेवले. टूथपिकही समोरून आणायची नाही, ओल्या थेंबाची वाफ तिला जाणवते आणि ती आधीच सोंड काढते, मागून आणायची. या दोन गोष्टी शोधायला माझा बराच वेळ गेला.

नवी दहा माश्यांची खेप, लवंग, चार फेऱ्या. वासाला आठ, नुसत्या झोताला एक. बरोबर.

२४ ऑगस्ट, रविवार

मामांनी एसटीने कांदे पाठवले, एका बारदानाच्या तुकड्यात सडके आणि एका डब्यात चांगले. सडका कांदा बारदानासकट बरणीत घातला कारण बाहेर काढला तर हाताला लगदा येतो. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं की गटार तुंबलंय का.

दहा माश्या, चार फेऱ्या. सडक्याला दहापैकी आठ. रिकाम्या बरणीला एक. मामांना फोन केला आणि सांगितलं की जमतंय. ते फार खूश झाले, मीही. हा फोन मी करायला नको होता, कारण १० सप्टेंबरची नोंद वाचा.

एक खर्चिक धडा. सिलिकॉनच्या पाइपमध्ये कांद्याचा वास मुरतो, धुवून उकळूनही जात नाही. प्रत्येक वासाला वेगळा पाइप ठेवा आणि त्यावर रंगीत टेप लावा.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बसलेत, घरात उदबत्ती, धूप, कापूर. तरी सुट्टी मिळाली म्हणून एक खेप घेतली. शिकवलेल्या माश्याही गप्प, सडक्याला नऊपैकी तीन. कोळशाची गाळणी माझ्या पंपाच्या हवेला आहे पण माश्या तीन तास ज्या खोलीत ठेवल्या तिथे धुपाचा वास होता. गौरी जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. नंतर सगळं सामान गच्चीच्या जिन्यावरच्या खोलीत हलवलं, ती स्वयंपाकघरापासून लांब आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

लेक अकरावीत आहे, तिला मी बरण्यांचे नंबर लिहायला बसवलं होतं. तिने सहज विचारलं, "आई, रिकाम्या बारदानाला काय करतात?" मी कधी बघितलंच नव्हतं. तिने नुसता बारदानाचा ओला तुकडा बरणीत घातला आणि आम्ही कालच्या नऊ शिकलेल्या माश्यांना दिला.

सात माश्यांनी सोंड काढली.

मग चांगला कांदा, न कापलेला, काचेच्या स्वच्छ बरणीत. सहा. नुसती हवा, एक.

म्हणजे माश्या हुशारच होत्या. मी जे जे साखरेशी जोडलं ते सगळं त्यांनी उचललं, बारदान, कांदा, सड. मी फक्त रिकाम्या बरणीशी तुलना करत राहिले, आणि त्या बरणीत यातलं काहीच नव्हतं. चाळीत तर सगळीकडेच कांदा आहे, या माश्या नेल्या असत्या तर त्यांनी प्रत्येक ठिकाणी सोंड काढली असती आणि मामांनी अख्खी चाळ उपसली असती. अडीच आठवडे गेले. माशीला शिकवायला अर्धा दिवस पुरतो, ती नक्की काय शिकली हे शोधायला महिना जातो, आणि वेळ तिथेच द्यायला हवा हे मला आज कळलं. मामांना फोन करून सांगितलं की अजून जमलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन नंबरची पेटी रिकामी. चौकटींवर मेणकिड्याची जाळी, थोडी मेलेली पिल्लं, मध नाही, राणी नाही, माश्या उठून गेल्या. सातेरी अशी जातेच, उपासमार झाली, सारखी छेडछाड झाली की पेटी सोडते. पण या वेळी कारण मी आहे. दुष्काळात ज्या माश्या बाहेरून पराग आणत होत्या त्याच मी निवडून निवडून काढून घेत होते, आणि खेपेच्या आदल्या दिवशी पाकही बंद करत होते. लहान वसाहतीला ते झेपलं नाही. पाच वर्षांची वसाहत होती, वारज्याच्या एका सोसायटीच्या मीटरच्या खोलीतून मी स्वतः पकडून आणली होती. आज दिवसभर काही करावंसं वाटलं नाही.

नियम केले. एका पेटीतून आठवड्याला बारापेक्षा जास्त माश्या नाहीत. पावसाळ्यात चौकटी दर आठवड्याला बघायच्या. काम झालं की त्याच संध्याकाळी टेप काढून, पोटभर साखरपाणी पाजून, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन माशीला दारात सोडायचं. पांढऱ्या ठिपक्याच्या दोन माश्या दुसऱ्या दिवशी पराग आणताना दिसल्या, एवढं बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पद्धत पूर्ण बदलली. आता दोन वास. सडक्या कांद्यानंतर साखर, चांगल्या कांद्यानंतर काहीच नाही. दोन्ही बरण्यांत एकाच बारदानाचे सारखे तुकडे, म्हणजे बारदानावरून काही ठरवता येणार नाही. पाच वेळा हा, पाच वेळा तो, पण एकाआड एक नाही, नाहीतर माशी क्रम शिकेल. सडका, चांगला, चांगला, सडका, चांगला, सडका, सडका असं उलटसुलट लिहून भिंतीवर लावलं. एका माशीला शंभर मिनिटं लागतात.

सडके कांदेही एकच नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे आळीपाळीने वापरले. एकच वापरला तर ती 'तो' कांदा शिकते, सड शिकत नाही. चौथा सडका चाचणीसाठी वेगळा काढून ठेवला.

गेल्या आठवड्यातली आणि या आठवड्यातली खेप मिळून १८ माश्या. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन्ही कांद्यांना सोंड, मला वाटलं परत तेच. तिसऱ्या फेरीपासून फरक पडायला लागला. शेवटच्या फेरीत सडक्याला १८ पैकी १४, चांगल्याला ४. चांगल्या कांद्याचा वास आला की काही माश्या मिशा मागे घेतात, हे मी आधी बघितलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आंधळी चाचणी. लेकीने बारा बरण्या भरून फक्त नंबर लिहिले, यादी तिच्याकडे. माझ्याकडे नऊ माश्या. नियम आधीच लिहून ठेवला, पाच किंवा जास्त माश्यांनी सोंड काढली तर 'सड आहे'. नियम नंतर ठरवू नका, मनासारखा ठरतो.

यादी उघडली. सहा सडक्यांपैकी पाच बरोबर, एक हुकली. सहा चांगल्या आणि रिकाम्यांपैकी पाच बरोबर, एकाला उगाच 'आहे' म्हणाल्या, तो कांदा मानेजवळ मऊ लागत होता. तो कापला तर आत एक पाकळी पाणचट, म्हणजे कदाचित चूक माश्यांची नव्हती, पण हे मला निकालानंतर सुचतंय म्हणून चूकच धरली.

हुकलेली बरणी अकरावी होती. चाचणीत साखर देत नाही, त्यामुळे दहा-बारा वेळा वास येऊनही काही मिळालं नाही की माश्या सोंड काढणं सोडून देतात. आता दर तीन बरण्यांनंतर एकदा ओळखीचा सडका कांदा आणि साखर, उजळणीसारखं.

५ ऑक्टोबर, रविवार

चाळीवर पहिली फेरी, पूर्ण फसली. सकाळी लवकर शिकवून बारा माश्या थर्मोकोलच्या डब्यात ओल्या फडक्यावर ठेवून निघालो. पुण्याहून मंचर साठेक किलोमीटर, पण चाकणला दीड तास अडकलो, गाडीत उकाडा, पोचेपर्यंत चार माश्या मेल्या होत्या. उरलेल्यांना थोडं पाजून तासभर सावलीत ठेवलं.

पंप चाळीतच लावला आणि लांब नळीने ढिगाच्या आतली हवा ओढून माश्यांवर सोडली. पहिल्या जागेला आठपैकी सात, दुसऱ्या जागेला सात, तिसऱ्याला सहा, आणि काहीच न देतासुद्धा पाच. चाळीची हवाच सगळी कांद्याची आणि सडीची, माझी कोळशाची गाळणी तिथे दहा मिनिटंही टिकली नाही. मामा काही बोलले नाहीत, मामींनी पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, पुढच्या रविवारी परत ये.

१२ ऑक्टोबर, रविवार

या वेळी माश्या आदल्या दिवशीच आणल्या, मामांच्या घरी रात्रभर ठेवल्या आणि सकाळी तिथेच एक उजळणी दिली. घर चाळीपासून लांब आहे आणि वारा घराकडून चाळीकडे होता. माश्या चाळीत नेल्याच नाहीत, चाळीची हवा माश्यांकडे आणली. पाखीत आठ जागा खडूने नंबर टाकून ठरवल्या, प्रत्येक जागी लोखंडी नळी हातभर आत घालून पाच मिनिटं पंपाने हवा ओढून लिटरच्या काचेच्या बरणीतून सोडली, झाकण बंद. आठ बरण्या घरी ओट्यावर. नंबर लेकीने अदलाबदल केले.

मामांना आधीच विचारून कागदावर लिहून घेतलं होतं की त्यांच्या नाकाने काय वाटतं. ते म्हणाले तीन आणि आठ.

माश्या दहा, नियम सहा किंवा जास्त. माश्यांनी 'आहे' म्हटलं ते तीन, सहा आणि सात.

मग उकरलं. तीनला पाखीच्या मध्यावर दोन टोपल्या लगदा, कांदे हातात घेतले की बोटं आत जात होती. सहाला टोपलीभर, वरून काही कळत नव्हतं, अगदी कोरडे लालसर कांदे आणि चार बोटांखाली पाणी. सातला काहीच नाही, पण ते सहाच्या शेजारी तीन फुटांवर, हवा तिकडे सरकली असणार. आठला, जिथे मामांना वाटत होतं, तिथे दोनच कांदे आणि तेही नुसते कोंब आलेले. मामा सहा नंबरच्या खड्ड्याशी बराच वेळ उकिडवे बसून होते आणि मग म्हणाले, "हे मला दिवाळीनंतर कळलं असतं."

दोनला माश्या 'नाही' म्हणाल्या, पण मी तिथेही उकरायला सांगितलं कारण 'नाही' खरं आहे का हेही बघायला हवं. तिथे काजळी निघाली, काळ्या बुरशीचे पंधरा-वीस कांदे. माश्या चुकल्या असं म्हणणार नाही, त्यांना मी ओली सड शिकवली होती, काजळीचा वास वेगळा. काजळी हवी असेल तर ती वेगळी शिकवावी लागेल, वेगळ्या माश्यांना.

हिशोब एकदाच लिहिते. पंप ३८०, दोन व्हॉल्व्ह ८४०, बोर्ड आणि रिले ६५०, पंखा १२०, पाइप १५०, कोळसा १८०, बरण्या ४२०, सिरिंज-टेप वगैरे १६०, एकूण २,९०० रुपये. दोन फेऱ्यांचं पेट्रोल साधारण १,४००. दहा आठवडे, बहुतेक सगळे रविवार. माश्या शंभरावर घेतल्या, १९ मेल्या, आणि एक वसाहत गेली, ती रुपयांत धरत नाही.

या दहाही माश्या संध्याकाळी वारज्याला आणून टेप काढली. नऊ उडून पेटीत गेल्या. एक दारातच बसून राहिली, तिच्यासमोर साखरपाण्याचा थेंब ठेवला, तिने पिऊन घेतला, मिशा पुसल्या आणि मग आत गेली. पेटीत नवीन पिल्लं दिसतायत आणि पराग भरपूर येतोय. पुढची खेप दिवाळीनंतर, काजळीसाठी, आणि तोवर पेटीला हात लावायचा नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात जाऊन काजळीचे खात्रीचे नमुने मिळतात का ते त्याआधी विचारून येणार आहे.